जाहिरातींचे जुने बार्न: फोटो कसा काढायचा, मालकाशी कसं बोलायचं

अमेरिकेत ओहायो, वेस्ट व्हर्जिनिया आणि पश्चिम पेन्सिल्व्हेनियात महामार्ग सोडून जुन्या रस्त्याला लागलं की कधी ना कधी ती भिंत समोर येते. काळी किंवा लाल पार्श्वभूमी, पांढरी-पिवळी मोठी अक्षरं: ‘च्यू मेल पाउच टोबॅको, ट्रीट युवरसेल्फ टू द बेस्ट’. खाली जनावरं, वर गवताची माडी अशी ही लाकडी इमारत, म्हणजे बार्न. वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंगच्या ब्लॉक ब्रदर्स टोबॅको कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९९२ पर्यंत अशा बार्नच्या रस्त्याकडच्या भिंती जाहिरातीसाठी वापरल्या. शेतकऱ्याला सुरुवातीला वर्षाचा डॉलर-दोन डॉलर मिळे. पण त्याला खरी गरज रंगाची होती, आणि तो कंपनी फुकट देई. बार्न रंगवायचा खर्च मोठा, आणि रंग नसेल तर लाकूड कुजतं.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बावीस राज्यांत मिळून असे सुमारे २०,००० बार्न होते. १९६५ च्या महामार्ग सुशोभीकरण कायद्याने रस्त्याकडेच्या जाहिरातींवर बंधनं आणली. पुढे दुरुस्ती होऊन ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाच्या जुन्या जाहिरातींना, शेतावरच्या इमारतींवरच्या धरून, सूट मिळाली. शेवटचा कंपनी-रंगारी हार्ली वॉरिक दुसऱ्या महायुद्धातून परतल्यावर १९४६ मध्ये या कामाला लागला आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला निवृत्त झाला. तो गेला २००० मध्ये. त्याने हात थांबवल्यावर कंपनीने नवा रंग दिलाच नाही. म्हणजे मूळ रंगाचा सगळ्यात ताजा बार्नसुद्धा आज तीस वर्षांहून जास्त काळ पाऊस-बर्फ सोसून उभा आहे. यातले बरेचसे पुढच्या काही वर्षांत पडणार, म्हणून फोटो आत्ताच काढायचे, आणि नीट काढायचे. नुसती सुंदर चौकट पुरत नाही. कोणाचा बार्न, कधी रंगवला, कोणी रंगवला, हे मालकाकडून कळत नाही तोवर नोंद अर्धीच राहते.

शोध: रस्ता आधी, बार्न नंतर

हे बार्न आंतरराज्य महामार्ग होण्याआधीच्या रस्त्यांवर आहेत. पिट्सबर्ग किंवा कोलंबसमध्ये राहणाऱ्यांनी यूएस ४०, म्हणजे जुना नॅशनल रोड, यापासून सुरुवात करावी. मग यूएस २२, यूएस ५०, यूएस ३०, यूएस २५०. पिट्सबर्गहून व्हीलिंग सुमारे ६० मैल. एका दिवसात जाऊन-येऊन चार-पाच बार्न नीट होतात. जास्त धरलेत तर मालकांशी बोलायला वेळ उरत नाही.

घरी बसून आधी नकाशा पाहा. उपग्रह-चित्रात रस्त्यालगतची लांबट छपरं शोधा आणि रस्त्यावरच्या दृश्यात भिंत तपासा. दृश्याची तारीख बघायला विसरू नका, कारण पाच वर्षांपूर्वी उभा असलेला बार्न आज नसेल. जाहिरात वाहनांकडे तोंड करून रंगवलेली असायची, कधी एका बाजूला, कधी दोन्ही बाजूंना. म्हणून प्रत्येक रस्ता दोन्ही दिशांनी चालवा. परतीच्या वाटेवर सापडणारे बार्न कमी नसतात.

हौशी शोधकांच्या याद्यांमध्ये प्रत्येक बार्नला तीन भागांचा क्रमांक असतो: राज्याचा वर्णक्रम, काउंटीचा वर्णक्रम, आणि त्या काउंटीतला बार्न. ओहायो ३५, पेन्सिल्व्हेनिया ३८, वेस्ट व्हर्जिनिया ४८. ओहायोतली बेलमाँट काउंटी ०७, म्हणून तिथल्या बार्नचा क्रमांक ३५-०७ ने सुरू होतो. तुमच्या फाइलींना हेच क्रमांक द्या, पुढे दुसऱ्यांच्या जुन्या फोटोंशी ताडून पाहता येतं.

दक्षिणेचा प्रकार वेगळा. टेनेसी-जॉर्जियाच्या सीमेवर लुकआउट माउंटनवरच्या रॉक सिटी या बागेची जाहिरात क्लार्क बायर्सने १९३० च्या दशकाच्या मध्यापासून १९६९ पर्यंत सुमारे ९०० बार्नवर रंगवली. तीही बहुतेक भिंतीवर नव्हे, छपरावर. अटलांटाकडच्या मंडळींना यूएस ४१, यूएस ११ आणि यूएस ४११ हे रस्ते सोयीचे.

भिंतीचं तोंड कोणीकडे

फोटो बिघडतो तो बहुधा कॅमेऱ्यामुळे नाही, चुकीच्या वेळी पोहोचल्यामुळे. भिंत कोणत्या दिशेला पाहते हे उपग्रह-चित्रात मोजा आणि फोनवरच्या सूर्य-दिशा दाखवणाऱ्या ॲपमध्ये तारीख घालून सूर्य कुठे असेल ते बघा. भिंतीच्या बरोबर समोर सूर्य असेल तर अक्षरं स्वच्छ येतात, पण फळ्यांचा पोत सपाट होतो. समोरच्या रेषेपासून सूर्य ३० ते ६० अंश बाजूला असताना रंग आणि पोत दोन्ही मिळतात.

यूएस ४० पूर्व-पश्चिम जातो, म्हणून त्यावरच्या भिंती बहुधा पूर्वेला किंवा पश्चिमेला पाहतात: एक सकाळी, दुसरी दुपारनंतर. दक्षिणेकडची भिंत डिसेंबरात उत्तम. या भागात तेव्हा सूर्य भर दुपारीही २६-२७ अंशांच्या वर चढत नाही, त्यामुळे दिवसभर प्रकाश तिरपा आणि उबदार मिळतो. अडचण उत्तरेच्या भिंतीची. तिच्यावर सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या अखेरीपर्यंत ऊन पडतच नाही. जूनच्या मध्यात व्हीलिंगच्या आसपास सकाळी साधारण साडेनऊपर्यंत आणि संध्याकाळी सव्वापाचनंतरच ती उजळते. उन्हाळ्यात जमत नसेल तर तिच्यासाठी पातळ ढगांचा दिवस निवडा.

ऋतूचा विचारही आधी करा. जुलै-ऑगस्टात मका दोन मीटरच्या वर जातो आणि भिंतीचा खालचा अर्धा भाग गिळतो. झाडं आणि वेली उरलेलं झाकतात. नोव्हेंबर ते एप्रिलचा मध्य हा काळ सगळ्यात चांगला. मात्र थँक्सगिव्हिंगच्या आगेमागे हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. रस्ता सोडून शेतात जायचं असेल तर भडक नारिंगी जॅकेट आणि टोपी घालाच.

अंतर, लेन्स, एक्स्पोजर

बार्नजवळ जाऊन वाइड लेन्सने फोटो काढला की भिंत मागे झुकलेली आणि अक्षरं वर निमुळती दिसतात. उपाय म्हणजे मागे सरकणं. बार्नची रुंदी १२ मीटर धरली आणि ती चौकटीच्या साठ टक्क्यांत बसवायची असेल, तर फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्सने सुमारे २८ मीटर आणि ८५ मिमीने सुमारे ४७ मीटर मागे उभं राहावं लागतं. ही अंतरं नकाशावर आधीच मोजता येतात. मधे रस्ता आहे, ओढा आहे की कुंपण, ते घरीच कळतं. फोन वापरत असाल तर दुप्पट किंवा तिप्पट लेन्स निवडा, चौकटीच्या रेषा चालू ठेवा आणि फोन वर न झुकवता सरळ धरा. वरचं टोक कापलं जात असेल तर आणखी मागे जा.

पहिले फोटो नोंदीचे: अगदी समोरून, भिंतीला समांतर, आजूबाजूचं थोडं सोडून. मग कोपऱ्यावरून, छप्पर आणि दोन भिंती दिसतील असा. मग रस्त्यासकट लांबून, कारण ही जाहिरात धावत्या गाडीतून वाचण्यासाठी होती आणि रस्त्याशिवाय तिचा आकार कळत नाही. विजेच्या तारा मधे येतातच. नोंदीच्या फोटोत त्या राहू द्याव्यात, पुसू नयेत. भिंतीवर टांगायच्या फोटोसाठी वाटलं तर नंतर वेगळी प्रत करा.

एक्स्पोजरमध्ये हमखास चूक होते ती काळ्या भिंतीवर. कॅमेरा काळ्याला करडं करायला जातो, फोटो जास्त उजळतो आणि पांढरी अक्षरं जळून सपाट होतात. एकदा जळलेल्या अक्षरांतला फळ्यांचा पोत परत मिळत नाही. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे २/३ ते उणे १ १/३ ठेवा. स्वच्छ उन्हात आयएसओ १००, एफ/८, १/४०० सेकंद ही सुरुवात धरा आणि हिस्टोग्रामचं, म्हणजे उजेडाच्या आलेखाचं, उजवं टोक बघा. लाल बार्नसाठी तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा. एकत्रित आलेख ठीक दिसतो, पण एकटा लाल रंग आधीच जळलेला असतो. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको. मोठ्या लाल भिंतीमुळे तो प्रत्येक फोटोत बदलतो. ‘डेलाइट’वर स्थिर करा आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, फाइल ठेवा.

छपरावरच्या रॉक सिटीसाठी उंचावर जावं लागतं: समोरचा उतार, रस्त्याची चढण. तिथून १०० ते २०० मिमी लेन्स. रंगवलेल्या पत्र्यावर चकाकी येते. सूर्य समोर असेल तर अक्षरं पांढरी की पत्रा पांढरा तेच कळत नाही. पाठीशी सूर्य घ्या आणि पोलरायझर हा लेन्सवरचा फिल्टर हळूहळू फिरवत चकाकी कमी होते तिथे थांबा. रंग उडून उघडा पडलेला पत्रा असेल तर पोलरायझरचा फारसा उपयोग नाही, ढगाळ दिवस बघा. ड्रोन मोहात पाडतो, पण आधी नियम पाळा: २५० ग्रॅम किंवा अधिक वजनाच्या ड्रोनची नोंदणी, हौशी वापरासाठी एफएए या विमान वाहतूक खात्याची मोफत ऑनलाइन परीक्षा, ४०० फुटांची मर्यादा. आणि मालकाला विचारल्याशिवाय नाहीच. गुरं आणि घोडे ड्रोनच्या आवाजाने कुंपणावर धावतात.

पुसट अक्षरं वाचताना

पुसट भिंतीवर वेळ घालवा. ताज्या रंगाच्या बार्नपेक्षा ती जास्त सांगते. जुन्या पांढऱ्या रंगात शिसं असायचं आणि तो रंग लाकडाला चिकटून राही. भोवतालचा रंग गेला की उघडी फळी झिजते आणि अक्षराखालची फळी किंचित वर राहते. डोळ्याला काहीच दिसत नसलं तरी सूर्य भिंतीला जवळजवळ समांतर, म्हणजे समोरच्या रेषेपासून ७५ ते ८५ अंश बाजूला असताना त्या उंचवट्याची सावली पडते आणि अक्षरं वर येतात. हे बहुधा वीस-तीस मिनिटं टिकतं, म्हणून ट्रायपॉड आधीच लावून ठेवा. दुसरी संधी पावसानंतर मिळते: ओलं लाकूड गडद होतं, उरलेला रंग तितका होत नाही, आणि शब्द वाचता येतात. भिंत वाळायला लागण्याआधी पोहोचा.

बारकाईने बघण्यासारख्या दोन जागा आहेत. भिंतीच्या डाव्या-उजव्या कडेला अनेकदा निळी उभी अरुंद पट्टी असते, तिचा तुकडा शिल्लक असेल तर जाहिरात कुठपर्यंत होती ते कळतं. आणि छपराच्या टोकाखाली काही बार्नवर रंगाऱ्याची आद्याक्षरं व तारीख असते. २०० मिमीने ती जागा वेगळी टिपा आणि घरी मोठी करून वाचा. वॉरिक हाताने, साचा न लावता लिहायचा. ‘च्यू’ या शब्दातली शेवटची तीन इंग्रजी अक्षरं, एच, ई आणि डब्ल्यू, तो आधी उरकायचा, कारण त्याच्या मते ती सगळ्यात कठीण. हे ठाऊक असलं की त्या तीन अक्षरांकडे नजर वेगळी जाते. वळणं सैल, कडा फार सुबक आणि रंग चकचकीत असेल तर ती मालकाने किंवा गावाने नंतर करवून घेतलेली रंगरंगोटी असण्याची शक्यता जास्त. तसं नोंदीत लिहा. ती कमी मोलाची नसते, फक्त वेगळी असते.

भिंतीवरचा सुटलेला रंग खरवडू नका, मुलांना हात लावू देऊ नका, आणि नंतर हात धुवा. शिसं अजून तिथेच आहे.

मालकाच्या दारात

सार्वजनिक रस्त्यावरून फोटो काढायला परवानगी लागत नाही. रस्ता सोडून आत पाऊल टाकायचं तर लागते. पेन्सिल्व्हेनियासह अनेक राज्यांत झाडावर किंवा खांबावर जांभळा रंग दिसला तर त्याचा अर्थ ‘आत येऊ नका’. पण परवानगी हे निमित्त समजा. सगळ्यात चांगली माहिती तिथेच असते.

वेळ निवडा. दुभती जनावरं असतील तर पहाटे आणि संध्याकाळी चार ते सहा जाऊ नका. रविवारी सकाळी चर्च असतं. मे अखेर ते जूनमध्ये कोरडे दिवस लागले की गवत कापणी चालते, तेव्हा कोणी दोन मिनिटंही देणार नाही. शनिवारी दहा ते बारा किंवा आठवड्यातल्या दिवशी दुपारी एक ते तीन ठीक. गाडी अशी लावा की ट्रॅक्टर आणि दुधाचा टँकर यांना वळायला जागा राहील. उतरल्यावर अर्धा मिनिट गाडीजवळच थांबा. कुत्र्याला आणि घरातल्यांना तुम्ही दिसू द्या. समोरचं दार बऱ्याच शेतघरांत वापरात नसतं, स्वयंपाकघराच्या बाजूचं वाजवा आणि दोन-तीन पावलं मागे सरून उभे राहा. कॅमेरा गाडीत राहू द्या. हातात दुसऱ्या एखाद्या बार्नचा छापील फोटो असला की काम सोपं होतं.

दार उघडणाऱ्याच्या मनात काय असतं ते ओळखा. या भागात अनोळखी माणूस येतो तो बहुधा जुनं बार्नचं लाकूड विकत घ्यायला, गॅस कंपनीसाठी जमिनीचा करार मागायला, नाहीतर कराची पाहणी करायला. म्हणून पहिल्याच वाक्यात सांगून टाका: मी काही विकत नाही, विकत घेत नाही, जुन्या जाहिरातींच्या बार्नचे फोटो काढतो, तुमच्या भिंतीजवळ जाऊ का? नाव आणि कोणत्या गावाहून आलात तेही सांगा. ‘सर’, ‘मॅम’ म्हणा, पहिल्या नावाने हाक मारायला ते स्वतः सांगतील तेव्हाच मारा. परवानगी मिळाली तर नेमकी विचारून घ्या: कोणत्या फाटकातून, कुठपर्यंत, संध्याकाळी परत आलो तर चालेल का. उघडं फाटक उघडं, बंद ते बंद. उभं गवत पीक असतं, त्यातून चालू नका. कुंपणाच्या तारेत वीज आहे असंच धरून चाला.

नकार मिळाला तर आभार मानून निघा आणि रस्त्यावरून फोटो घ्या. कोणी पैसे मागितले तर आपली मर्यादा आधीच ठरलेली असावी. आपण होऊन पैसे पुढे करू नका, फोटोची प्रत पुढे करा. बार्न पडायला आला असेल तर ‘दुरुस्त का नाही करत?’ हा प्रश्न कधीच नको. छपराचा खर्च किती येतो हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे, आणि बऱ्याचदा तो आकडा त्याची झोप उडवतो.

मालक तऱ्हेतऱ्हेचे भेटतात. एखाद्याकडे जुने ट्रॅक्टर रांगेत उभे असतात आणि प्रत्येक चालू करून दाखवल्याशिवाय तो सोडत नाही. एखादी आजी तंबाखूला नावं ठेवते, पण भिंत कोणाला पुसू देत नाही. शहरातून नुकतं आलेलं जोडपं तुम्हालाच बार्नचा इतिहास विचारतं. सगळ्यांना वेळ द्या. ट्रॅक्टर बघा, त्याचं साल विचारा, मग बार्नवर या. विचारायचे प्रश्न साधे: शेवटचा रंग कोणत्या साली? करार कोणी केला, बदल्यात काय मिळायचं? आधी दुसरी जाहिरात होती का? घरात जुने फोटो आहेत का? ‘वॉरिकनेच रंगवला, जेवायला आमच्याकडे होता’ हे अनेक दारांत ऐकायला मिळतं. त्याने हजारो भिंती रंगवल्या, त्यामुळे ते खरंही असेल, पण रंगारी आणखीही होते. टोकाखालची आद्याक्षरं जुळतात का बघा आणि नोंदीत ‘मालकाच्या सांगण्यानुसार’ असं लिहा. बोलणं रेकॉर्ड करायचं तर आधी विचारा. पेन्सिल्व्हेनियात सगळ्यांची संमती कायद्यानेच लागते.

इथे राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांकडे उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आलेले असतात. त्यांच्यापैकी कोणी शेतीतलं असेल तर जरूर सोबत न्या. गाई किती, पाऊस किती, ऊस की ज्वारी, असं सुरू झालं की दुभाषाचं काम करता करता तुम्हाला जे हवं ते सगळं कळतं. मुलं असतील तर यंत्रांपासून लांब, हाताला धरून.

आत जायचं तर मालक पुढे, तुम्ही मागे. माडीच्या फळ्या कुजलेल्या असतात आणि वर पसरलेल्या गवतामुळे भोक दिसत नाही. नुकत्याच भरलेल्या सायलोजवळ, म्हणजे चारा साठवायच्या बुरुजाजवळ, दोन-तीन आठवडे जाऊ नका, तिथे विषारी वायू साठतो. उन्हाळ्यात लांब पँट मोज्यात खोचा आणि परतल्यावर अंगावर टिक नावाची गोचीड आहे का बघा, लाइम आजार तिच्यामुळेच होतो. तीन-तीन पानांची वेल म्हणजे पॉयझन आयव्ही, ती भिंतीवरही चढते.

मालकाचा फोटो बार्नच्या मोठ्या दारात घ्या, भिंतीपुढे नको, तिथे ऊन डोळ्यांवर येतं. त्याला दाराच्या आत साधारण एक मीटर उभं करा, तोंड बाहेर. आकाशाचा मऊ प्रकाश चेहऱ्यावर पडतो आणि मागचा अंधार आपोआप पार्श्वभूमी होतो. आयएसओ ४००, एफ/४, शटर १/१२५ च्या खाली नको. मापन चेहऱ्यावर करा, नाहीतर अंधारामुळे चेहरा जळतो. हातात रोजचं काही असू द्या: दोर, बादली, टोपी. ओहायोतल्या होम्स काउंटीसारख्या भागात मालक आमिश, म्हणजे जुन्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा, असेल तर चेहऱ्याचा फोटो मागूच नका. हात, अवजारं, भिंत चालतात का ते विचारा.

त्याच संध्याकाळी

गाडीत बसल्या बसल्या लिहून टाका: क्रमांक, तारीख, वेळ, भिंतीची दिशा, वाचता आलेला मजकूर, छपराची अवस्था, मालकाने सांगितलेलं जसंच्या तसं. फोटो जाहीर करताना मालकाचं नाव आणि नेमकं ठिकाण त्याच्या होकाराशिवाय नको, फाइलमधली जीपीएस नोंद काढून टाका. फोटो विकायचा विचार असेल तर मालकाची लेखी संमती घ्या, आणि तंबाखूचं नाव आजही ट्रेडमार्क आहे हे लक्षात ठेवा.

महिन्याच्या आत प्रत पाठवा. ८ बाय १० इंच, मॅट कागद, मागे पेन्सिलीने तारीख आणि तुमचा फोन. पाठीला जाड पुठ्ठा लावून कडक पाकिटात घाला, साध्या पाकिटात टपालपेटीत दुमडली जाते. दोन प्रती पाठवा: एक बार्नची, एक मालकाची. पुढच्या वर्षी त्याच रस्त्याने जाल तेव्हा शेजारच्या बार्नचा पत्ता बहुधा त्याच्याकडूनच मिळतो, आणि तिथे फोनही तोच आधी करून ठेवतो.